गट ‘क’ची नोंदवही

ढाक्याच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये १८ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, अकराव्या मिनिटाला, शेख मोरसालिन याने चेंडू भारताच्या जाळ्यात धाडला. सामन्याची जवळजवळ ऐंशी मिनिटे अद्याप शिल्लक होती; तेवढ्या अवधीत भारताला त्या एका गोलाची परतफेड करता आली नाही. बांगलादेशाने फुटबॉलमध्ये भारताला नमवले ते २२ वर्षांनंतर. त्याच संध्याकाळी हाँगकाँगच्या काई ताक स्टेडियममध्ये यजमानांविरुद्ध आधी पिछाडीवर पडलेल्या सिंगापूरने उत्तरार्धात दोन गोल केले आणि २०२७ च्या आशियाई चषक स्पर्धेत आपली जागा पक्की केली. १९८४ साली यजमान म्हणून लाभलेला प्रवेश सोडला, तर सिंगापूर या स्पर्धेसाठी स्वबळावर पात्र ठरण्याची ही पहिलीच वेळ.

भारतापुरता विचार केला, तर ढाक्यातील सामन्याने काहीच ठरायचे राहिले नव्हते. भारताचे आव्हान महिनाभर आधी, १४ ऑक्टोबरला, गोव्यातील फातोर्डा येथे संपुष्टात आले होते. तरीही त्या रात्रीनंतर गटाच्या तक्त्यावर नजर टाकली की सरकारी जमाखर्च वाचण्याची सवय जडलेल्या माझ्यासारख्या माणसाला थबकावे लागते. पाच सामन्यांनंतर सिंगापूरचे ११ गुण, हाँगकाँगचे ८, बांगलादेशाचे ५ आणि भारताचे २. पाच सामन्यांत भारताने केलेले गोलही दोनच. गटांची सोडत निघाली तेव्हा या चौघांत भारताचे जागतिक मानांकन सर्वांत वरचे होते. तक्त्यात भारत सर्वांत खाली आहे.

फुटबॉल हा या स्तंभाचा नेहमीचा विषय नव्हे. परंतु पात्रता गट ही केवळ क्रीडारसिकांची बाब नाही, असे मला वाटते. बाद पद्धतीच्या सामन्यात एका दिवसाचे दैव सारे काही उलटेपालटे करू शकते. गटात मात्र तोच प्रतिस्पर्धी एकदा आपल्या घरी आणि एकदा त्याच्या घरी भेटतो. मार्च ते पुढच्या वर्षीचा मार्च असा वर्षभराचा हिशेब मांडला जातो, आणि या फेरीत चौघांपैकी फक्त पहिल्याला पुढचा दरवाजा उघडतो. अशा परीक्षेत दैवाचा वाटा कमी होतो आणि तयारीचा वाढतो. एखाद्या देशातील संस्था वर्षभर सलग काम करू शकतात की नाही, हे अशा तक्त्यातून बऱ्यापैकी कळते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या गटात आणखी एक गोष्ट दिसते. भारत, बांगलादेश, सिंगापूर आणि हाँगकाँग हे चारही प्रदेश एकाच साम्राज्याच्या नकाशावर होते. ढाका तर बंगाल प्रांताचाच भाग. सिंगापूर १८६७ मध्ये लंडनच्या वसाहत खात्याकडे जाईपर्यंत तेथील कारभाराचे कागद कलकत्त्याला येत असत. हाँगकाँग ब्रिटिशांच्या हाती पडले ते ज्या अफूच्या व्यापारापायी, ती अफू बंगालातून आणि माळव्यातून जात असे, आणि माळव्याच्या अफूचा मार्ग मुंबईवरून होता. त्या बेटावरील पोलिसांत पुढे शिखांचा मोठा भरणा झाला, आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीला मुंबईहून गेलेले पारशी व्यापारी होरमसजी मोदी यांच्या देणगीचा आधार मिळाला.

या सर्व ठिकाणी फुटबॉल पोहोचला तो पलटणींच्या आणि जहाजांच्या सोबतीने. त्यातही वडीलकीचा मान भारताचा. ड्युरँड चषक १८८८ पासूनचा. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, त्या अकरा जणांपैकी बहुतेकांची मुळे पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात होती. स्वातंत्र्यानंतर भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला, १९६४ च्या आशियाई चषकात उपविजेतेपद मिळवले. सिंगापूर त्यानंतरच्या वर्षी स्वतंत्र झाले आणि बांगलादेशाचा जन्म तर त्यानंतर सहा वर्षांनी झाला.

बांगलादेशाच्या फुटबॉलचा जन्म भारतीय भूमीवरच झाला, असे म्हणण्यास आधार आहे. जुलै १९७१ मध्ये स्वाधीन बांगला संघ नदिया जिल्ह्यातील कृष्णनगर येथे आपला पहिला सामना खेळला. भारताने त्या देशाला अद्याप मान्यता दिलेली नव्हती. तरीही सामन्यापूर्वी त्यांचा ध्वज मैदानावर फडकावू देण्यास तेथील जिल्हाधिकाऱ्याने संमती दिली, आणि त्याबद्दल त्याला निलंबनाला सामोरे जावे लागले. हा संघ पुढे निधी गोळा करीत भारतभर हिंडला. मुंबईतील सामन्यात क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी त्यांच्याविरुद्धच्या संघातून उतरले होते. कृष्णनगरच्या त्या अधिकाऱ्याकडे मी लेखाच्या शेवटी पुन्हा वळणार आहे.

आता या गटातील पाच सामने. २५ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली. आदल्या वर्षी जूनमध्ये निवृत्त झालेला सुनील छेत्री चाळिसाव्या वर्षी पुन्हा संघात आला होता, कारण गोल करील असा दुसरा कोणी सापडत नव्हता. त्याचे परतणे हे त्याच्या जिद्दीचे जेवढे लक्षण होते, तेवढेच ते आपल्या रिकाम्या फळीचेही होते. १० जूनला हाँगकाँगमध्ये सामना बरोबरीत सुटणार असे वाटत असताना भरपाई वेळेत पेनल्टी गेली आणि भारत ०-१ असा हरला. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाले. दहा खेळाडूंनिशी झुंजत रहीम अलीने अखेरच्या क्षणी बरोबरी साधली. पाच दिवसांनी फातोर्डा येथे लालियानझुआला छांगतेने चौदाव्या मिनिटालाच भारताला आघाडी मिळवून दिली. पण सोंग उई-यंग याने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि नंतर एक असे दोन गोल करून सामना नेला. पाचवा सामना ढाक्याचा.

यांतील एकही पराभव दारुण नाही. प्रत्येक वेळी अंतर एका गोलाचेच होते. म्हणूनच मला हा तक्ता अधिक गंभीर वाटतो. पाच गोलांनी हरणारा संघ दुबळा म्हणून सोडून देता येतो. परंतु प्रत्येक वेळी थोडक्यात हरणाऱ्या संघाला नेमके काय कमी पडले, याचा शोध घ्यावाच लागतो. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातील एका स्पर्धेत याच संघाने, नवे प्रशिक्षक खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली, ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे स्थान मिळवले होते. तेव्हा पायांत कसब नव्हते, असे म्हणता येणार नाही.

पराभवानंतर देशात जी चर्चा झाली, तिचा रोख प्रामुख्याने पारपत्रावर होता. बांगलादेशासाठी इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टर सिटीकडून इंग्लिश एफए चषक जिंकलेला हमझा चौधरी खेळतो. त्याची आई बांगलादेशी. फातोर्डा येथे आपल्याला हरवणारा सोंग उई-यंग जन्माने कोरियन. २०२१ मध्ये त्याने सिंगापूरचे नागरिकत्व घेतले. हाँगकाँगच्या संघातही बाहेरून येऊन तेथे स्थिरावलेले खेळाडू आहेत. भारतात मात्र दुहेरी नागरिकत्वाला मान्यता नाही आणि भारतीय पारपत्र असल्याखेरीज देशाकडून खेळता येत नाही. परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड व्हिसाच्या रांगेत उपयोगी पडते, मैदानात नाही. ‘आपलीही मुले जगभर विखुरलेली आहेत, त्यांना बोलवा’ अशी मागणी त्यामुळे वारंवार होते.

या मागणीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. भारतीय पित्याचा, जपानमध्ये जन्मलेला आराता इझुमी पुण्याच्या क्लबकडून खेळत असताना जपानचे नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. अलीकडेच ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तोच मार्ग पत्करला. त्याच्या आईचे घराणे मुंबईचे अँग्लो-इंडियन. असे खेळाडू येत असतील, तर त्यांचे स्वागत करावे. पण जन्मभूमीचे पारपत्र परत करण्याएवढा निर्णय किती जण घेतील? नागरिकत्वाचा कायदा हा राष्ट्राच्या घडणीशी निगडित असा विषय आहे; फाळणीचा अनुभव घेतलेल्या संविधानकारांनी तो विचारपूर्वक ठरवला. फुटबॉलच्या तक्त्यासाठी तो बदलावा की नाही, हा वाद स्वतंत्रपणे व्हावा. तोपर्यंत इतर प्रश्नांना बगल देण्यासाठी त्याचा आडोसा घेतला जाऊ नये.

कारण प्रतिस्पर्ध्यांकडे नीट पाहिले, तर हा आडोसा टिकत नाही. ढाक्यात गोल केला तो मोरसालिनने, जो बांगलादेशातच वाढला आणि तेथील लीगमध्ये खेळतो. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरचा भारताविरुद्धचा गोल इखसान फंदीचा होता आणि नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगविरुद्धचा निर्णायक गोल इल्हान फंदीचा. हे दोघे भाऊ सिंगापूरच्या जुन्या पिढीतील नामवंत खेळाडू फंदी अहमद यांचे पुत्र. संघाचा प्रशिक्षक गॅव्हिन ली हा पस्तिशीचा स्थानिक तरुण. सिंगापूरलाही हे यश एका दमात मिळालेले नाही. २०१० च्या विश्वचषकासाठी पात्र होण्याचा गाजावाजा केलेला त्यांचा संकल्प सपशेल फसला होता. फसल्यानंतर त्यांनी शालेय वयापासूनची नवी आखणी केली आणि तिला शासनाचे पाठबळ दिले. साठ लाख लोकवस्तीच्या, जमिनीच्या तुकड्यातुकड्याचा हिशेब ठेवणाऱ्या शहराने हे केले.

याच काळात आपण काय करीत होतो? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची घटना कशी असावी, हा प्रश्न २०१७ पासून न्यायालयात होता. ऑगस्ट २०२२ मध्ये बाह्य हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने महासंघालाच निलंबित केले. ते निलंबन अकरा दिवसांत उठले खरे. परंतु तेवढ्यात आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या महिला संघाला न खेळताच परतावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या घटनेला मान्यता दिली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. दरम्यान, इंडियन सुपर लीगच्या व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांचा करार संपत आला आणि त्याच्या नूतनीकरणाचा निर्णय न झाल्यामुळे जुलैमध्ये लीगच स्थगित झाली. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबवले. नव्याने निविदा काढली, तर मुदतीत एकही बोली आली नाही. ऑक्टोबरमध्ये जे खेळाडू सिंगापूरशी झुंजत होते, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपला पुढचा देशांतर्गत साखळी सामना कधी होणार हे ठाऊक नव्हते. २०२५ च्या अखेरीपर्यंत ती लीग सुरू झालेली नव्हती.

संस्था किती बारीकसारीक गोष्टींत कमी पडतात, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. या गटातील पहिले दोन सामने भारत ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला, ते मानोलो मार्केझ मोसमभर एका क्लबचेही प्रशिक्षक होते. त्यांच्या योग्यतेविषयी मला शंका नाही. पण दीडशे कोटींच्या जवळ पोहोचलेल्या देशाने आपल्या राष्ट्रीय संघाचा कारभार अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवावा, ही प्रशासनातील माझ्या सहकाऱ्यांना चांगलीच परिचित अशी रीत आहे. ज्या पदाचा अतिरिक्त कार्यभार दिला जातो, ते पद शासनाला किती महत्त्वाचे वाटते, हे कचेरीतील शिपायालाही कळते.

याच महासंघाच्या छत्राखाली घडलेली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. अन्यथा हे सारे निव्वळ रडगाणे ठरेल. जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडमधील चिआंग माई येथे आणखी एक पात्रता गट खेळला गेला. भारताच्या महिला संघाने मंगोलियावर १३-० असा विजय मिळवून सुरुवात केली आणि अखेरच्या सामन्यात मानांकनात कितीतरी वर असलेल्या यजमान थायलंडला २-१ असे हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी पार करून महिलांच्या आशियाई चषकात पोहोचण्याची भारताची ही पहिलीच खेप. पुढच्याच महिन्यात वीस वर्षांखालील मुलींनीही म्यानमारला हरवून आशियाई स्पर्धेतील स्थान मिळवले. ढाक्याच्या पराभवानंतर दोन आठवडेही लोटले नव्हते, तोच ३० नोव्हेंबरला अहमदाबादमध्ये सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला २-१ असे नमवून तेच केले.

हे यश ज्यांनी मिळवले, त्यांना ना परदेशस्थ खेळाडूंची मदत होती, ना दूरचित्रवाणीच्या हक्कांचे कोट्यवधी रुपये. त्यांना लाभली ती सलग तयारीची संधी आणि काही काळ तरी कोणी न उधळलेले वेळापत्रक. या मुलामुलींना पुढच्या दहा वर्षांत खेळण्यासाठी नियमित लीग मिळाली नाही, तर अहमदाबादचा तो विजयही १९६२ च्या सुवर्णपदकाप्रमाणे केवळ आठवणीपुरता उरेल.

१९८४ चा उल्लेख मघाशी आला. त्या वर्षाच्या अखेरीस सिंगापुरात झालेल्या आशियाई चषकात भारत खेळला होता. यजमान सिंगापूरकडून आपण हरलो. पण बलाढ्य इराणला गोलशून्य बरोबरीत रोखले. सुनील छेत्रीचा जन्म त्याच वर्षीचा. त्यानंतर या स्पर्धेत पुन्हा उतरायला आपल्याला २०११ उजाडावे लागले. पुढे २०१९ आणि २०२४ च्या जानेवारीत आपण तेथे होतो, आणि आता हे स्थान कायमचे झाले असा समज पसरू लागला होता. २०२७ च्या स्पर्धेचे यजमानपद मिळवण्यासाठी भारताने दावाही दाखल केला होता. डिसेंबर २०२२ मध्ये तो मागे घेतला आणि स्पर्धा सौदी अरेबियाकडे गेली. ज्या स्पर्धेचे यजमान होण्याची आपली इच्छा होती, तिच्या दारातही आपण पोहोचलो नाही.

येथे एका कबुलीशिवाय हा लेख पुरा होणार नाही. नव्वदच्या दशकात मी ईशान्येकडील एका जिल्ह्यात होतो. मुख्य गावात एकच सपाट मैदान होते. सकाळी शाळेची मुले आणि दुपारनंतर गावातील सारे तरुण तेथे फुटबॉल खेळत. एका मान्यवरांच्या दौऱ्यासाठी तेथे हेलिपॅड करण्याचा प्रस्ताव माझ्यासमोर आला. काम तात्पुरते होते, जागा सरकारी होती, नियमांत सारे बसत होते. मी सही केली. मैदानाच्या मधोमध विटांचा आणि सिमेंटचा थर पडला. दौरा दोन तासांत आटोपला. थर काढण्यासाठी तरतूद कोणत्या शीर्षाखाली करायची, यावर मात्र पत्रव्यवहार सुरू झाला, आणि माझी बदली होईपर्यंत तो सुरूच होता. मुले काही दिवस कडेकडेने खेळली. मग येईनाशी झाली. त्यांचे एक शिष्टमंडळ मला भेटायला आले होते. त्यातील सर्वांत धाकट्याने मला विचारले, ‘साहेब, तुमचे हेलिकॉप्टर पुन्हा कधी येणार?’ त्याला वाटले होते, ते पुन्हा येणार असेल म्हणूनच तो थर तसाच ठेवला असावा. मी उत्तर दिले नाही.

अशा सह्या या देशात किती जणांनी केल्या असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. कोठे प्रदर्शनासाठी, कोठे परीक्षेच्या मंडपासाठी, कोठे वाहनतळासाठी. प्रत्येक वेळी काम तात्पुरते आणि कारण रास्त. फातोर्डा येथे किंवा ढाक्यात जो गोल झाला नाही, त्याचा माग काढत गेले, तर तो महासंघाच्या कार्यालयाशीच थांबेल असे नाही. तो माझ्यासारख्यांच्या मेजापर्यंतही येतो.

म्हणूनच मला कृष्णनगरचा तो जिल्हाधिकारी आठवतो. त्याने नव्वद मिनिटांच्या एका सामन्यासाठी आपली नोकरी पणाला लावली, कारण त्या मैदानावर उभ्या असलेल्या अकरा जणांना आपला ध्वज असणे किती मोलाचे आहे, हे त्याला उमगले होते. नियम त्याच्या बाजूने नव्हते. माझ्या बाजूने होते, आणि तरीही आज त्या दोन सह्यांपैकी कोणती बरोबर होती, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

गट ‘क’मधील भारताचा शेवटचा सामना मार्च २०२६ मध्ये मायदेशी, हाँगकाँगविरुद्ध ठरला होता. तो जिंकला तरी भारत पात्र ठरणार नव्हता. कदाचित म्हणूनच तो मन लावून पाहण्याजोगा होता. त्या दिवशी तक्त्याचे ओझे नव्हते. फक्त कोण नवे खेळाडू उतरतात, ते कोठून आले, आणि सामना संपल्यावर परत कोणत्या मैदानावर जाणार आहेत, एवढेच पाहायचे होते.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)